शेती अनुदान कोणाला मिळाले, हे सर्वांना कळावे का?

लेखाजोखा (मूळ प्रश्न)

नमस्कार. सार्वजनिक खर्चाविषयी एका परिसंवादासाठी टिपण तयार करताना मी एका प्रश्नापाशी अडकलो आहे, म्हणून जाणकारांची मदत मागतो.

शेतकऱ्यांना सरकारी तिजोरीतून जे अनुदान मिळते, ते कोणाला आणि किती मिळाले याची नावनिशीवार यादी लोकांसमोर ठेवावी काय? पहिल्या विचारात उत्तर सोपे वाटते. पैसा लोकांचा आहे, तेव्हा हिशेब लोकांना मिळालाच पाहिजे. रस्त्याचे कंत्राट कोणाला आणि किती रकमेला दिले हे आपण हक्काने विचारतो, मग इथे संकोच कशाला? पण थोडे खोलात गेले की शेतकरी हा कंत्राटदार नव्हे, हे जाणवते. बहुतेकांचा शेतीचा हिशेब आणि संसाराचा हिशेब एकाच वहीत असतो. अनुदानाचा आकडा जाहीर झाला की त्या घराची मिळकत किती, हे अर्ध्याहून अधिक कळते. शिवाय एकट्या वृद्ध शेतकरी स्त्रीला मिळालेली लहानशी रक्कम आणि हजारो हेक्टर जमीन बाळगणाऱ्या कंपनीला मिळालेली रक्कम एकाच यादीत, एकाच मापाने मांडणे मला न्याय्य वाटत नाही.

युरोपीय संघात आणि अमेरिकेत अशा याद्या अनेक वर्षांपासून प्रसिद्ध होतात, एवढे मला माहीत आहे. तिथल्या न्यायालयांनी खासगीपणाच्या आक्षेपावर काय ठरवले, आणि या याद्यांमुळे प्रत्यक्षात काही बदलले का, हे मला समजून घ्यायचे आहे. केवळ मत नको, त्यामागचा आधारही सांगावा, ही विनंती.

कलम-परिशिष्ट (उत्तर)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर युरोपच्या अनुभवात चांगले सापडते, कारण तिथे हा वाद सर्वोच्च पातळीपर्यंत गेला आणि न्यायालयाने दोन्ही बाजू तोलून निकाल दिला.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. युरोपचे समाईक कृषी धोरण 1962 पासून सुरू आहे. सुरुवातीची तीन दशके मदतीचा मुख्य मार्ग म्हणजे भाव टिकवून धरणे हा होता. 1992 च्या सुधारणेनंतर शेतकऱ्याच्या खात्यावर थेट रक्कम जमा होऊ लागली आणि 2003 च्या सुधारणेने ती रक्कम उत्पादनापासून बहुतांशी वेगळी करून जमिनीच्या क्षेत्राशी जोडली. मदत भावातून मिळत होती तोवर कोणाला किती मिळाले हे सांगणे अवघडच होते. खात्यावर थेट रक्कम पडू लागल्यावर मात्र प्रत्येक देशाच्या दप्तरात नेमकी यादी तयार झाली, आणि मग ती दडवून का ठेवायची, हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

डेन्मार्कमधील पत्रकारांनी पाठपुरावा करून 2004 मध्ये तिथली आकडेवारी खुली करून घेतली. ब्रिटनमध्ये माहिती स्वातंत्र्याचा कायदा 1 जानेवारी 2005 पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच वर्षी तिथली नावे बाहेर आली. गरीब शेतकऱ्याला हात देणारी योजना अशी जिची ओळख होती, तिच्या यादीत राजघराण्याच्या मालकीची शेते, मोठे सरदार-जमीनदार आणि साखर निर्यात करणारी बडी कंपनी दिसली. यानंतर युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांना सक्ती केली आणि 2009 च्या वसंतापर्यंत नाव, गाव व रक्कम असलेल्या याद्या संकेतस्थळांवर आल्या.

जर्मनीतील हेस्से राज्यातल्या एका शेती भागीदारीने आणि एका शेतकऱ्याने या प्रसिद्धीविरुद्ध दाद मागितली. हे दोन जोड-खटले सी-92/09 आणि सी-93/09 या क्रमांकांनी ओळखले जातात. त्यांवर 9 नोव्हेंबर 2010 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निकाल दिला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक पैशाच्या वापरावर लोकांची नजर असावी हा हेतू न्यायालयाने वैध मानला. परंतु खासगी व्यक्तीच्या बाबतीत, ती किती काळ अनुदान घेते, किती वेळा घेते, कोणत्या प्रकारचे घेते आणि किती रकमेचे घेते, यांपैकी कशाचाही भेद न करता सरसकट नाव छापणे हे त्या हेतूसाठी आवश्यक त्याहून अधिक आहे, असे ठरवून तेवढ्यापुरते नियम रद्द केले. पारदर्शकतेला खासगी माहितीच्या संरक्षणावर आपोआप वरचढपणा देता येत नाही, हे त्या निकालाचे सूत्र आहे. कंपन्यांच्या बाबतीत मात्र प्रसिद्धी कायम राहिली. फक्त एखाद्या संस्थेच्या नावातूनच खासगी व्यक्ती ओळखू येत असेल, तर तिला त्या संरक्षणाचा आधार घेता येतो, असेही न्यायालयाने म्हटले.

निकालानंतर काही वर्षे केवळ संस्थांची नावे प्रसिद्ध होत राहिली. पुढे 2013 च्या नव्या नियमावलीने न्यायालयाने दाखवलेला भेद कायद्यात आणला. व्यक्तींची नावे पुन्हा यादीत आली, पण ज्याला वर्षाला 1,250 युरो किंवा त्याहून कमी मिळतात त्याचे नाव न छापता त्याजागी सांकेतिक क्रमांक देण्याची तरतूद झाली. एक बारीक, पण फार विचारपूर्वक केलेली तरतूद मला विशेष आवडते. एखाद्या लहान गावात लाभार्थीच इतके थोडे असतील की सांकेतिक क्रमांकावरूनही माणूस ओळखता येईल, तर गावाचे नाव न देता त्यावरच्या मोठ्या प्रशासकीय विभागाचे नाव द्यायचे. लोक क्रमांकावरून नव्हे तर गावावरून माणूस ओळखतात, हे त्या कायद्याच्या मसुदाकारांना ठाऊक होते.

तेव्हा आपण ज्या वृद्ध शेतकरी स्त्रीचे उदाहरण दिलेत, तिचे नाव झाकून कंपनीचे नाव उघडे ठेवता येते, आणि तसा कायदा प्रत्यक्षात चालूही आहे.

तक्ते-आणि-रकाने (उत्तर)

वरील उत्तर उत्तमच आहे. मी कायद्याचा माणूस नाही, या याद्यांवर प्रत्यक्ष काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे याद्यांमुळे काही बदलले का याविषयी, लिहितो.

अमेरिकेत हे दार न्यायालयामुळे उघडले. कापसाच्या अनुदानाच्या लाभार्थींची नावे द्यावीत असा निकाल तिथल्या एका वर्तमानपत्राच्या खटल्यात 1996 मध्ये लागला. त्यानंतर एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने माहिती अधिकाराखाली 1995 पासूनच्या नोंदी मिळवून सर्वांना शोधता येईल असा डेटाबेस उभा केला. नाव टाकले की वर्षवार रक्कम दिसते. त्या काळी शेती खात्याच्या कपाटात जे होते तेच तिथे होते, पण कपाटातला कागद आणि कोणालाही क्षणात शोधता येणारी नोंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दोन उदाहरणे देतो. टेक्ससमधील एल कॅम्पो परिसरात पूर्वी भात पिकत असलेल्या जमिनीचे भूखंड पाडून घरांसाठी विकले गेले होते. अनुदान तोवर पिकापासून तोडून जमिनीच्या जुन्या पीक-इतिहासाशी बांधलेले होते. त्यामुळे तिथे घर बांधून राहणारा, आयुष्यात कधी भात न लावलेला माणूससुद्धा भाताच्या अनुदानाला पात्र ठरत होता. ‘द वॉशिंग्टन पोस्ट’ने 2006 मध्ये हा प्रकार मांडला आणि शेती न करणाऱ्यांना 2000 पासून किमान 1.3 अब्ज डॉलर गेल्याचे दाखवले. यात कोणीही कायदा मोडला नव्हता. दोष नियमाचाच होता, आणि तो नियम वाचून नव्हे तर नावे पाहून लक्षात आला. त्या प्रकारची थेट देयके पुढे 2014 च्या कृषी कायद्याने बंद झाली.

दुसरे उदाहरण सरकारी लेखापरीक्षणाचे आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2007 मध्ये अहवाल दिला की 1999 ते 2005 या काळात 1,72,801 मृत व्यक्तींच्या नावे 1.1 अब्ज डॉलर दिले गेले. इथे घाई करू नये. मृताच्या वारसांची मिळकत काही काळ अनुदानाला पात्र असू शकते, त्यामुळे ही सगळी रक्कम लबाडीची होती असे म्हणणे चूक ठरेल. पण त्यांतील बऱ्याच जणांना जाऊन तीन वर्षे, काहींना तर सात वर्षे उलटून गेली होती आणि पात्रता कोणी तपासलीच नव्हती. अशी चूक कार्यालयाच्या आधी शेजाऱ्याला दिसते, कारण माणूस गेल्याचे शेजाऱ्याला ठाऊक असते. लोकांसमोर यादी ठेवण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

आता उणी बाजू. यादी असणे आणि यादीतून काही कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एका देशाची यादी उतरवून घेऊन रकमेप्रमाणे लावली, तेव्हा एकच कंपनी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी तीन ठिकाणी आली होती. शिवाय तिच्या उपकंपन्या निराळ्या नावांनी विखुरलेल्या होत्या. रकान्यांत नाव, गाव, टपाल क्रमांक, योजनेचा संकेत आणि रक्कम एवढेच होते. त्या नावामागे शेवटी मालक कोण, हे सांगणारा रकानाच नव्हता. म्हणजे लहान शेतकरी स्वतःच्या पूर्ण नावाने यादीत उभा, आणि मोठा समूह वीस तुकड्यांत वाटला गेल्यामुळे वरच्या पन्नास जणांतही न दिसणारा. पारदर्शकतेचा हा उलटा परिणाम मी स्वतः पाहिला आहे आणि तो मला अस्वस्थ करतो.

बांधावरून (उत्तर)

मी शेतकरी कुटुंबातला आहे आणि वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो.

आपण सगळे यादीकडे तिच्या वाचकाच्या जागेवरून पाहत आहात. यादीत ज्याचे नाव असते, त्याच्या जागेवरून कोणी पाहिलेले नाही. ज्या वर्षी पीक हातचे गेले, त्याच वर्षी मदत अधिक मिळते. म्हणजे माणूस ज्या वर्षी खचलेला असतो, नेमक्या त्याच वर्षीचा त्याचा आकडा मोठा दिसतो. वाचणारा मात्र म्हणतो, बघा, याला किती मिळाले. त्या रकमेसमोर त्याचा खर्च छापलेला नसतो, कर्जाचा हप्ता छापलेला नसतो, बुडालेले पीकही छापलेले नसते. एका बाजूचा आकडा चव्हाट्यावर मांडायचा आणि दुसऱ्या बाजूचा झाकायचा, याला हिशेब म्हणत नाहीत.

दुसरे असे की, यादीत नाव येते म्हणून पैसा त्याच्याकडेच राहतो असे समजू नये. जमीन खंडाने कसणाऱ्याच्या खात्यावर हेक्टरी रक्कम येते, आणि मालकाला ती ठाऊक असते. पुढच्या करारात खंड तेवढ्याने वाढतो. यादीत लाभार्थी म्हणून नाव कसणाऱ्याचे, लोकांचे बोलही त्यालाच, आणि रक्कम खंडाच्या वाटेने मालकाकडे गेलेली. तिथे पारदर्शकतेचा उजेड नेमका चुकीच्या माणसावर पडतो.

उद्योगांना करसवलती मिळतात, त्यांची अशीच नावनिशीवार यादी घरोघरी वाचता येते का? शेतकऱ्याच्याच बाबतीत लोकांची जिज्ञासा इतकी तीव्र का असते, याचाही विचार टिपणात यावा. काही मोठ्यांनी गैरफायदा घेतला म्हणून सरसकट यादी लावायची, म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जाळायचे झाले.

कलम-परिशिष्ट (प्रत्युत्तर)

बांधावरून यांनी मांडलेला खंडाचा मुद्दा अगदी खरा आहे. क्षेत्रावर आधारित अनुदान जमिनीच्या किमतीत आणि खंडात मुरते, हे शेतीच्या अर्थशास्त्रात मान्य झालेले आहे. पण त्यावरून यादी नको असा निष्कर्ष मी काढणार नाही. यादी आणि जमिनीच्या नोंदी यांची सांगड घालता आली, तर कसणारा कोण आणि खंड घेणारा कोण हे उलगडते, आणि मग अनुदान कोणाच्या पदरात पडते याविषयी कसणाऱ्याच्या बाजूने बोलता येते. आज त्याच्याजवळ त्यासाठी पुरावाच नाही.

करसवलतींचा आक्षेपही योग्य आहे, पण तो त्या याद्याही मागण्याचे कारण आहे. एका घराचा दिवा बंद आहे म्हणून शेजारच्या घराचाही मालवावा, असे मला वाटत नाही.

आकड्याच्या एकांगीपणाविषयी मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तो आक्षेप मी मान्य करतो. रकमेसोबत ती कशासाठी मिळाली हे ठळकपणे छापणे, एवढाच उपाय मला सुचतो. आपत्तीत झालेल्या नुकसानीची मदत, पर्यावरणासाठी जमीन पडीक ठेवल्याचा मोबदला आणि केवळ क्षेत्रामुळे मिळालेली रक्कम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपच्या नियमात योजनेचे स्वरूप सांगणे बंधनकारक आहे, पण ते बहुधा अशा सांकेतिक भाषेत असते की सामान्य वाचक फक्त बेरीज पाहतो.

भारतीय कायद्याविषयीही एक नोंद करतो, कारण टिपणात ती लागेल. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करायच्या गोष्टींत अनुदान कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्याच्या कलम 8 मधील वैयक्तिक माहितीविषयीच्या अपवादात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने बदल केला. त्यामुळे युरोपने 2010 मध्ये तोललेला प्रश्न इथेही त्याच शब्दांत उभा आहे.

लेखाजोखा

सर्वांचे मनापासून आभार. बांधावरून यांचे उत्तर वाचून माझ्या टिपणाची मांडणीच बदलली आहे. एक शंका राहते. मोठे समूह तुकड्यांत वाटले जाऊन यादीतून निसटतात, असे तक्ते-आणि-रकाने यांनी लिहिले. यावर कायद्याने काही उपाय केला आहे का? तो नसेल, तर लहानांची नावे तेवढी उघडी पडतात, हा आक्षेप कायमच राहणार.

तक्ते-आणि-रकाने

उपाय झाला आहे, पण दोन्हीकडची कथा वेगळी आहे.

अमेरिकेत व्यक्तीगणिक अनुदानाची वार्षिक मर्यादा आहे, आणि म्हणूनच भागीदारी उभारून भागीदार वाढवण्याकडे कल असतो, कारण सर्वसाधारण भागीदारीत प्रत्येक पात्र सदस्याची मर्यादा वेगळी मोजली जाते. संस्थेच्या नावामागे शेवटी कोणत्या व्यक्तीला किती मिळाले याचा माग ठेवावा, असे 2002 च्या कृषी कायद्याने सांगितले, आणि 2007 मध्ये तो तपशील बाहेर आला. त्यापूर्वी केवळ संस्थेचे नाव दिसत होते, त्यानंतर तिच्यामागची माणसे दिसली. पण 2008 च्या कायद्याने ही सक्ती काढून ते ऐच्छिक केले. त्याच कायद्याच्या कलम 1619 ने शेतकऱ्याने दिलेली शेतीविषयक माहिती आणि शेताचे नकाशे गोपनीय केले. याआधी काही महिनेच एका अपील न्यायालयाने ती माहिती खुली करण्याचा निकाल दिला होता. नाव, पत्ता आणि रक्कम एवढे त्या कलमातून वगळले गेले, म्हणून यादी टिकली, पण ती कोणत्या जमिनीसाठी हे पडताळण्याची वाट बंद झाली. पीकविम्याची स्थिती याहून बंदिस्त आहे. विम्याच्या हप्त्याचा सरासरी 62 टक्के भार सरकार उचलते, मात्र कोणत्या शेतकऱ्याच्या वाट्याला किती आले हे प्रसिद्ध होत नाही, आणि त्या मदतीला व्यक्तीगणिक मर्यादाही नाही. जिथे मर्यादा नाही तिथेच नावेही नाहीत, ही गोष्ट टिपणात जरूर यावी.

युरोपने उलट दिशेने पाऊल टाकले. 2021 च्या नियमावली क्रमांक 2116 प्रमाणे लाभार्थीने आपण कोणत्या समूहाचा भाग आहोत, आपली पालक कंपनी कोणती, हे कळवायचे आहे आणि ते यादीत यायचे आहे. यामागे चेकियाच्या अ‍ॅग्रोफर्ट समूहाच्या प्रकरणाचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते. तत्कालीन पंतप्रधान आंद्रेय बाबिश यांनी आपले समभाग न्यासांत ठेवले होते, तरी समूहावर त्यांचेच नियंत्रण आहे आणि म्हणून हितसंबंधांचा संघर्ष आहे, असा निष्कर्ष युरोपीय आयोगाच्या लेखापरीक्षणाने काढला. तो अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन उणिवा अजून उरल्या आहेत. पहिली, यादी संकेतस्थळावर दोनच वर्षे राहते. खासगीपणासाठी ही मुदत ठेवली हे समजते, पण दहा वर्षांत कोणाची जमीन कशी वाढत गेली हे पाहायचे असेल तर स्वयंसेवी पत्रकारांनी वेळीच उतरवून ठेवलेल्या प्रतींवर विसंबावे लागते. कंपन्यांपुरती तरी ही मुदत का असावी, याचे समाधानकारक कारण मला सापडलेले नाही. दुसरी उणीव जमिनीची. ग्रीसमध्ये 2025 मध्ये जे प्रकरण गाजले, त्यात स्वतःची नसलेली किंवा कधी न वापरलेली कुरणे दाखवून अनुदान उचलल्याचे आरोप आहेत. युरोपीय लोक-अभियोक्ता कार्यालयाने तपास केला, मंत्र्यांचे राजीनामे झाले आणि अनुदान वाटणारी सरकारी संस्थाच मोडीत काढण्याचा निर्णय झाला. त्या याद्यांत नावे होती, रकमाही होत्या. नसलेले कुरण मात्र यादीत कुठेच दिसू शकत नव्हते, कारण जमिनीचा रकानाच नव्हता.

आणि ही केवळ हिशेबाची बाब नाही. स्लोव्हाकियाचे पत्रकार यान कुत्सियाक आणि त्यांची वाग्दत्त वधू यांची फेब्रुवारी 2018 मध्ये हत्या झाली. त्यांचे अपुरे राहिलेले शेवटचे लेखन पूर्व स्लोव्हाकियात शेती अनुदान उचलणाऱ्या, इटालियन माफियाशी जोडल्या गेलेल्या लोकांविषयी होते. ते अनुदानाच्या नोंदी आणि कंपन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचत होते. मी रोज तेच काम करतो.

बांधावरून

हे वाचून माझा विरोध कशाला आहे ते मलाच स्पष्ट झाले. समूहाचे नाव, शेवटचा मालक आणि जमीन हे तीन रकाने यादीत येणार असतील, तर ठरावीक रकमेच्या वर माझ्या घरच्यांचेही नाव छापायला माझी हरकत नाही. रकमेसमोर ती कशाबद्दल मिळाली हे साध्या भाषेत लिहावे, आणि जमीन खंडाची असेल तर तसेही लिहावे. लेखाजोखा यांनी टिपणात ही शेवटची अट विसरू नये.